नाणेघाट, जुन्नर, नाशिक, तेर : व्यापाराच्या वाटेवर धर्म नेमका कसा वाढला?

सह्यवाट

'व्यापारी मार्गांवरून धर्माचा प्रसार झाला' हे वाक्य आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो आहोत, आणि ते इतके ओळखीचे झाले आहे की त्याचा अर्थ विचारावा असे कोणाला वाटत नाही. व्यापारी बैल हाकत होते, भिक्षू पायी चालत होते, आणि वाटेत कुठेतरी विचार एकाकडून दुसऱ्याकडे गेले, असे धूसर चित्र त्यातून उभे राहते. हा चर्चेचा धागा मी त्या धूसरपणाविरुद्ध काढला आहे. आपल्या घाटवाटांवर या देवाणघेवाणीचा हिशेब दगडात कोरून ठेवलेला आहे, तेव्हा तो उघडून पाहावा, एवढाच हेतू.

निमित्त तसे क्षुल्लक घडले. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढत होतो. उकाडा असा होता की बरोबरचे पाणी निम्म्या वाटेतच संपले. लेण्याशी पोचल्यावर आधी शेजारच्या टाक्याकडे धाव घेतली आणि मग भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांकडे पाहिले. आजवर तेथे चार-पाच वेळा गेलो असेन, पण तो क्रम त्या दिवशी पहिल्यांदा जाणवला. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातून माल घेऊन वर येणाऱ्या माणसानेही याच क्रमाने या जागेची ओळख करून घेतली असणार.

लेणे म्हणजे एक मोठी चौकोनी खोली आहे आणि तिच्या कडेने बसण्यासाठी दगडी बाक आहेत. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातील व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. आज त्यांच्या पावलांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे एवढेच उरले आहे : राया सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. बाजूच्या भिंतींवरचा मोठा लेख नागनिकेचा मानला जातो. त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल यांना नमन आहे, आणि पुढे अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची व दक्षिणांची यादी आहे. एका ठिकाणी अकरा हजार गाई आणि एक हजार घोडे दिल्याचे म्हटले आहे. विधवा राणीचे वर्णन महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी असे येते. हे सारे राजधानीत न कोरता वाटसरू दम खायला थांबतो त्या खिंडीत कोरले आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. वाचता येवो न येवो, या वाटेचा धनी कोण आणि त्याचे देव कोणते, हे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर यावे अशी ती योजना आहे.

आता घाटघरवरून जुन्नरला उतरा. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव खोदकामे आहेत आणि ती बौद्ध आहेत. म्हणजे खिंडीत वैदिक यज्ञांची जाहिरात, आणि दिवसभराच्या चालीवर भिक्षूंची वस्ती. या वस्तीला दान देणाऱ्यांत राजे कमी आणि कामकरी माणसे जास्त आहेत. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे एका धंद्यातल्या लोकांच्या संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे पैसे ठेवल्याचेही लेख आहेत. आणि यांच्यातच तीन यवन, म्हणजे त्या काळी ग्रीक किंवा पश्चिमेकडचे समजले जाणारे लोक, आहेत.

यवनांचे हे तीन लेख एकेका ओळीचे आहेत. इरिल नावाच्या यवनाने 'बे पोढियो', म्हणजे पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनाने 'गभदार', म्हणजे गर्भद्वार दिले. पहिल्या दोघांच्या नावापुढे 'गतान' असा शब्द आहे आणि त्याच्या अर्थावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे. मला त्या वादापेक्षा दानाच्या वस्तूंत अधिक रस आहे. दूरच्या देशातून आलेला माणूस परक्या मुलखातील परक्या धर्माच्या डोंगरात काय देतो? पाणी देतो, आणि बसून जेवायला जागा देतो. म्हणजे ज्या दोन गोष्टींची चणचण वाटेवर त्याला स्वतःला सोसावी लागली असेल, त्याच त्याने दिल्या.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की या वाटांवर धर्म प्रवचनापेक्षा सोयीच्या वाटेने अधिक पसरला. टाके, जेवणाची पडवी, नदीवरची होडी, धर्मशाळा, आजाऱ्याचे औषध आणि विश्वासाने ठेवलेली ठेव या गोष्टी विहारांभोवती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आधाराने माणसे एकमेकांच्या देवांजवळ आली. नाशिकच्या पांडवलेण्यातील उषवदाताचा लेख (लेणे क्रमांक १०) याचा सर्वांत सविस्तर पुरावा आहे. हा शक, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या लोकांपैकी, दिनिकाचा मुलगा आणि क्षहरात राजा नहपानाचा जावई. तो ब्राह्मणांना तीन लाख गाई देतो, सोळा गावे देतो, प्रभासतीर्थी ब्राह्मणांची लग्ने लावून देतो, पुष्करला स्नान करतो, आणि त्याच लेखात गोवर्धनच्या (नाशिकजवळच्या) त्रिरश्मी डोंगरात, म्हणजे याच पांडवलेण्यात, बौद्ध भिक्षूंसाठी लेणे कोरवून देतो. पण मधल्या ओळी वाचून पाहाव्यात. भरुकच्छ (भडोच), दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) येथे त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या, बागा, तळी, विहिरी केल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डाहनुका या नद्यांवर फुकट होड्या चालवल्या आणि दोन्ही काठांवर निवारे व पाणपोया घातल्या. भडोचकडून सोपाऱ्याकडे किनाऱ्याने येणारा रस्ता नकाशावर आखला तर तो याच नद्या ओलांडत येतो. धर्मदान म्हणून कोरलेली ही यादी खरे तर एका रस्त्याच्या डागडुजीची यादी आहे.

कार्ल्याच्या लेण्याचे उदाहरण बहुतेकांच्या परिचयाचे असल्याने थोडक्यात सांगतो. वैजयंतीच्या भूतपाल शेठीने जंबुद्वीपात उत्तम असे शैलगृह पुरे केले, अशी नोंद तेथे आहे. आतल्या अनेक खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची नावे आहेत, दाराच्या कामाशी गंधिक सिंहदत्ताचे आणि सामी नावाच्या सुताराचे नाव जोडलेले आहे. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, सुतार, शेठ आणि यवन एकाच छताखाली, आणि ते छतही सागवानी तुळयांचे, जे आजही वर पाहिले की दिसते. (गंधिकापासून 'गांधी' हे आडनाव येते, हे जाता जाता.)

जाणकारांनी यात भर घालावी आणि चुकत असेल तेथे सांगावे.


तळटीप

लेख आवडला, परंतु दोन ठिकाणी आपण जरा घाईने पुढे गेला आहात असे वाटते.

पहिले, नाणेघाटाच्या माथ्यावरच्या दगडी रांजणाचा आपण उल्लेख केला नाही, याबद्दल आभार मानावेत की तक्रार करावी हे कळत नाही. तो 'जकातीचा रांजण' असून त्यात व्यापारी नाणी टाकत, असे प्रत्येक सहलीत सांगितले जाते. वाटेवर जकात घेतली जात असावी हे मानायला हरकत नाही, पण नागनिकेच्या लेखात जकातीबद्दल अवाक्षर नाही. तो लेख यज्ञांचा आणि दक्षिणांचा आहे. रांजण आणि लेख शेजारी आहेत म्हणून एकाचा अर्थ दुसऱ्यावर चढवता येत नाही.

दुसरे, 'यवन' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर थेट ग्रीक उभा राहतो. कार्ल्याच्या यवनांची नावे पाहावीत. 'धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं' असा लेख आहे, म्हणजे हा सिंहध्वज झाला. ही अस्सल देशी नावे आहेत. मग हे लोक पिढ्यान्पिढ्या इथेच राहिलेले होते, की 'यवन' ही पश्चिमेकडून येणाऱ्या कोणत्याही व्यापाऱ्यासाठी सरसकट वापरलेली संज्ञा होती, हे ठरवल्याशिवाय 'दूरच्या देशातून आलेला माणूस' असे म्हणणे धाडसाचे आहे. इरिल आणि चिट ही नावे परकी वाटतात हे खरे, पण केवळ नावावरून पाणी किती तहानलेल्याने दिले हे कसे कळणार?


कोकणकडा

मी घाटाखालचा आहे, मुरबाड तालुक्यातला, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकापेक्षा घरातला अधिक आहे. माझे आजोबा तरुणपणी मीठ आणि सुकी मासळी घेऊन घाट चढत आणि वरून नाचणी, हिरडा, कधी कांदा घेऊन उतरत. बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना गोणी आणि माणसाच्या डोक्यावर पाटी. पहाटे निघायचे, ऊन चढण्याआधी नळीच्या, म्हणजे घाटातल्या अरुंद घळीच्या, तोंडाशी पोचायचे, लेण्यात भाकरी सोडायची, टाक्याचे पाणी प्यायचे, आणि दुपार कलल्यावर घाटघर गाठायचे, हा ठरलेला क्रम. त्या लेण्यात काय लिहिले आहे हे आजोबांना ठाऊक नव्हते. ते त्याला 'बसायची जागा' एवढेच म्हणत.

सह्यवाट यांच्या मुद्द्याला जोडून एक सांगावेसे वाटते. आमच्याकडे पावसाचे चार महिने घाट बंद असे. नळीतून पाण्याचा लोंढा येतो, दगड शेवाळतात, बैल पाय टाकत नाही. भिक्षूंचा वर्षावासही, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, त्याच महिन्यांतला. म्हणजे वाट बंद झाली की भिक्षू लेण्यात स्थिर होत आणि वाट उघडली की तेही चालू लागत. दोघांचे वेळापत्रक पावसानेच आखून दिले होते, असे मला फार दिवसांपासून वाटते.


जमाखर्च

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, आयुष्य हिशेब तपासण्यात गेले. पण उषवदाताच्या लेखात ठेवींचा जो भाग आहे त्याकडे धागाकर्त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही, आणि माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उषवदाताने गोवर्धनमधील श्रेणींकडे तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले. त्यांपैकी दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि एक हजार विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत करायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे आहेत. आता आकडे मांडून पाहा. दोन हजारांवर शेकडा एकप्रमाणे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीस. एक कवडी इकडे नाही की तिकडे नाही. लेख लिहिणाऱ्याने आधी खर्च ठरवला आणि मग त्यावरून मुद्दल काढले, हे कोणाही हिशेबनिसाच्या चटकन लक्षात येईल.

पुढची ओळ तर माझ्या विशेष प्रेमाची आहे. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवून ठेवला, असे लेख सांगतो. म्हणजे जाहीर वाचन झाले, नोंद झाली आणि वर दगडावर कायमची प्रतही झाली. देणारा शक राजजामात, घेणारे बौद्ध भिक्षू, मधला विश्वस्त विणकरांची श्रेणी, आणि साक्षीला गावाची सभा. या चौघांचा देव एकच होता की नाही याची चौकशी लेखात कोठेही नाही, आणि त्यांच्या व्यवहाराला तिची गरजही पडलेली दिसत नाही.

अशाच स्वरूपाचा दुसरा लेख आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला आहे. विष्णुदत्ता ही शक उपासिका. तिने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कुंभारांच्या श्रेणीकडे, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि तेल्यांच्या श्रेणीकडे रकमा ठेवल्या. वडिलांचे नाव अग्निवर्मा, तिचे नाव विष्णूवरून, कूळ शक, श्रद्धा बुद्धावर, आणि पैसा कुंभार-तेल्यांकडे.


सह्यवाट

जमाखर्च यांचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा सरस आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो. दोनशे चाळीसचा मेळ मी इतकी वर्षे लेख वाचूनही घातला नव्हता.

तळटीप यांच्या आक्षेपांपैकी रांजणाचा पूर्णपणे मान्य आहे, आणि तो मी मुद्दामच टाळला होता. यवनांच्या नावांबद्दलचा आक्षेप मात्र मला माझ्या बाजूचा वाटतो. पांडवलेण्यात, लेणे क्रमांक १७ मध्ये, एका योनकाचा, म्हणजे यवनाचा, लेख आहे. तो स्वतःला 'ओतराह', म्हणजे उत्तरेकडचा, आणि दातामिती या गावचा म्हणवतो. त्याचे नाव इंद्राग्निदत्त, वडिलांचे धर्मदेव आणि मुलाचे धर्मरक्षित. तो लेण्याबरोबर आत चैत्यगृह आणि पाण्याची टाकीही देतो, आणि हे पुण्य आईवडिलांच्या नावे करतो. गाव उत्तरेचे, जात यवनाची, नाव दोन वैदिक देवांचे आणि दान बुद्धाच्या संघाला. देशी नाव घेतलेला यवन हा यवन राहिलेला नाही असे म्हणावे, तर त्याने स्वतःला यवन म्हणवून घेण्याचे कारण उरत नाही. त्याला दोन्ही ओळखी हव्या होत्या आणि दगडावर त्या दोन्ही एका ओळीत मावल्या.

तहानेबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे. ती माझी भर होती, इरिलाची नव्हे.

याच डोंगरातील आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. लेणे क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, जी प्रशस्ती कोरवली आहे, तिच्यात त्याला 'एकबम्हण', म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, आणि शक, यवन, पल्हवांचा संहार करणारा असे म्हटले आहे. ही प्रशस्ती कोणत्या प्रसंगाची? तर भदायनीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना लेणे दान देण्याच्या प्रसंगाची. त्याच डोंगरात, थोड्याच पावलांवर, यवनाने दिलेले लेणे आणि शकाने दिलेले लेणे शाबूत आहे. संहार झाला तो नहपानाच्या सत्तेचा. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीच्या साठ्यात सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला आहे. पण दानांचे काय झाले? कार्ल्याच्या, म्हणजे तेव्हाच्या वलूरकाच्या, भिक्षूंना उषवदाताने करजिक गाव दिले होते. सत्तापालटानंतर तेच गाव भिक्षूंकडे कायम ठेवल्याचा आदेश कार्ल्यालाच कोरलेला आहे. नाशिकच्या भिक्षूंना दिलेल्या एका शेताचे वर्णन तर 'आजवर उषवदाताकडे असलेले' असे येते. जुन्या शत्रूचे नाव खोडले तर शेताची हद्द कशी सांगणार? नाण्यावर चेहरा पुसता येतो, सातबाऱ्यावर पुसता येत नाही, असाच हा प्रकार झाला.

कोकणकडा, तुमच्या आजोबांच्या 'बसायची जागा' या शब्दांना मी तोड देऊ शकत नाही.


शंकेखोर

चर्चा चांगली चालली आहे, म्हणून थोडा खडा टाकतो. 'लेणी व्यापारी मार्गावर आहेत, म्हणून व्यापारामुळे आहेत' हा तर्क फार लवकर स्वीकारला जातो. दा. ध. कोसंबींनी या भागातल्या जुन्या वाटा पायी पालथ्या घातल्या होत्या, आणि त्यांचे निरीक्षण असे की या वाटांवर बौद्ध लेण्यांच्याही आधीपासून मातृदेवतांची ठाणी होती. म्हणजे जागा आधीच पवित्र होती, वाट आधीच मळलेली होती आणि भिक्षू तेथे नंतर आले. त्यामुळे देवाणघेवाण फक्त यवन आणि संघ, किंवा ब्राह्मण आणि संघ एवढ्यांतच नव्हती. तिसरा पक्ष डोंगरातल्या देवींचा आणि त्यांच्या भक्तांचा होता. त्याच्या हाती छिन्नी नव्हती, म्हणून तो आपल्या चर्चेत येत नाही.

कार्ल्याच्या चैत्याच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ आहे. चैत्रात कोकणातून कोळी समाज पालख्या घेऊन घाट चढून येतो तो भूतपाल शेठीसाठी येत नाही. लेण्याद्रीचेही तसेच आहे. अष्टविनायकांतला गिरिजात्मज एका बौद्ध विहारात बसला आहे आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या आहेत. पायऱ्या चढून येणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना त्याचे काही वाटत नाही. याला देवाणघेवाण म्हणावे, कब्जा म्हणावा, की जागेचे आपले एक वजन असते आणि ती भाडेकरू बदलत राहते असे म्हणावे? मला स्वतःला तिसरे पटते. मात्र तसे असेल तर ठेवी आणि टाकी यांवर सगळा भार टाकणारे सह्यवाट यांचे प्रतिपादन अपुरे पडते.


तेरणाकाठ

नाणेघाटावर सगळे थांबलेले पाहून आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची आठवण करून देणे भाग आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगर येते ते हेच. बॅरिगाझाहून, म्हणजे भडोचहून, दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून साधे कापड व मलमल, असा माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला नेत, असे तो लेखक सांगतो. त्याच पुस्तकात कल्याणबद्दलही आहे. पूर्वी ते रीतसर बंदर होते, पुढे तेथे अडथळे आले आणि तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला पाठवली जात. घाटांच्या वरच्या भांडणाचा परिणाम खालच्या बंदरावर कसा होई, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तेरमध्ये सापडलेल्या वस्तूंपैकी हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा उल्लेख करायलाच हवा. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती इटलीत पाँपेईच्या अवशेषांत १९३८ साली मिळाली, आणि पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे ती त्याआधीच तिकडे पोचली होती हे निश्चित. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही अशा धाटणीची मूर्ती मिळाली आहे. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी या वायव्येकडच्या लिपीतले अक्षर असल्याने ती नेमकी कोठे घडली यावर एकमत नाही, आणि आम्ही तेरकर ती आमचीच म्हणतो ते अभिमानापोटी.

शंकेखोर यांच्या भाडेकरूंच्या मुद्द्याला आमच्याकडे नमुना आहे. तेरचे त्रिविक्रमाचे देऊळ विटांचे आहे आणि त्याची मागची बाजू गजपृष्ठासारखी गोलाकार आहे. ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आज आत त्रिविक्रम आहे. आणि गावात येणारी बहुतेक माणसे या दोघांसाठीही येत नाहीत, ती गोरोबाकाकांच्या समाधीसाठी येतात. लहानपणी आम्ही त्या देवळाच्या गोल पाठीमागे लपाछपी खेळत असू. कोपराच नसल्याने लपायला ती जागा फार वाईट होती.


सह्यवाट

शंकेखोर यांचा आक्षेप गंभीर आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. माझ्या लेखात ज्यांनी लेख कोरवले तेच बोलतात, हा दोष आहे. मात्र कोसंबींचे निरीक्षण आणि माझे म्हणणे यांत मला विरोध दिसत नाही. ठाणे आधीचे असेल, वाट आधीची असेल, तरी डोंगरात बाराही महिने पुरेल असे पाणी साठवायचे तर खडक फोडायला पैसा लागतो. तो पैसा ज्या दिवशी धान्यवाल्यांच्या श्रेणीकडून, शक राजजामाताकडून किंवा एखाद्या इरिलाकडून आला, त्या दिवशी जागेच्या जुन्या पावित्र्यात नवी माणसे आणि त्यांची नावे शिरली. देवी तेथेच राहिली असेल. तिला भेटायला येणाऱ्यांनीही त्याच टाक्यातले पाणी प्यायले असेल.

उषवदाताच्या दानांत आणखी एक तपशील आहे, जो तुमच्या बाजूने जातो. त्याने नानंगोल गावातली बत्तीस हजार नारळाची झाडे दिली ती बौद्धांना नव्हेत, तर गोवर्धन, शूर्पारक आदी ठिकाणच्या चरकांच्या, म्हणजे फिरत्या संन्याशांच्या, परिषदांना. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच दानयादीत चार प्रकारचे याचक होते, आणि लेखात न आलेला पाचवा असूच शकतो.


तळटीप

इंद्राग्निदत्ताबद्दल मी माझा आक्षेप अर्धा मागे घेतो. उरलेला अर्धा धेनुकाकट नक्की कोठे, हे ठरेपर्यंत राखून ठेवतो.


कोकणकडा

एक छोटीशी भर. इरिलाच्या लेखातले दोन्ही शब्द आमच्या घरात जिवंत आहेत. डोंगरात फिरणारी मंडळी खडकात खोदलेल्या टाक्याला आजही 'पोढी' म्हणतात, आणि 'बे' तर प्रत्येक मराठी मुलाने पाठ केलेला आहे. काल संध्याकाळी हा धागा वाचत असताना धाकटी नात शेजारी बसून मोठ्याने पाढे म्हणत होती. 'बे एके बे'ला मी तिला थांबवून विचारले की बे म्हणजे काय. ती म्हणाली, "बे म्हणजे पाढा." मी तिला इरिलाची दोन टाकी सांगितली. तिने लगेच विचारले की त्यांत अजून पाणी आहे का. दिवाळीनंतर तिला जुन्नरला घेऊन जाणार आहे. सह्यवाट, त्या लेखापर्यंत सात वर्षांच्या मुलीला चढता येईल अशी सोपी वाट असेल तर कृपया येथेच लिहावी.